उजव्या हाताची पट्टी

खुर्सीपार, भिलाई
दि. २१ सप्टेंबर २०२५, रविवार
सर्वपित्री अमावस्या

चि. नूतन हिला जानरावचे अनेक आशीर्वाद.

पत्राच्या डोक्यावर 'चि. सौ.' लिहायची हाताला सवय आहे, ती आज आवरली. सुनेला फारकत झाल्यावर सासऱ्याने काय म्हणून लिहावं हे मला कोणी सांगितलं नाही, आणि विचारायचं तरी कोणाला. 'चि.' मात्र ठेवलं आहे. ते कुठल्या निकालाने काढून घेतलेलं नाही.

तुला फोन लावला होता, तू उचलला नाहीस. या घरातून येणारा फोन उचलायचाच नाही असं ठरवलं असशील तर बरोबरच ठरवलंस. शिवाय फोनवर माझा आवाज चढतो, शेजारच्या विजयाबाई भिंतीला कान लावतात, आणि मुख्य गोष्ट राहून जाते. म्हणून कागद घेऊन बसलो आहे. प्लांटमधून रिटायर झाल्यापासून सहीपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

आधी घरचं. गुडघे जसे होते तसेच आहेत. क्वार्टरच्या मागे तू लावलेला कढीपत्ता माझ्या डोक्याच्या वर गेला आहे. विजयाबाई रोज फांद्या ओरबाडून नेतात आणि वर मलाच सांगतात की झाड वाळून राहिलं आहे. रुक्मा गेली तरी तिची खाट अजून तिथेच आहे. तिच्यावर कोणी निजत नाही, सध्या धुतलेले कपडे पडतात.

आज पितरांची अमावस्या म्हणून रुक्माचं पान मांडायचं होतं. तू होतीस तेव्हा वडे, कढी, खीर सगळं वेळेवर व्हायचं आणि मला फक्त आंघोळ करून बसायचं काम असायचं. यंदा मी भात लावला, वरण केलं, वड्यांचं पीठ पातळ झालं ते झाकून ठेवलं. आमचे चिरंजीव उठले, भांड्यात डोकावले आणि म्हणाले, होटल से मंगा लेते हैं. आणि खरंच मागवलं. पनीरची लाल भाजी आणि रुमाली रोटी. ते आईच्या पानावर ठेवलं, फोटो काढला, मोबाईलवर लावला, खाली हात जोडल्याचं चित्र टाकलं. कावळे आले आणि भाताला चोच लावून गेले. पनीरकडे कोणी बघितलं नाही, शेवटी त्यानेच ते खाल्लं. उजव्या हाताने.

हे शेवटचे दोन शब्द खोडणार होतो, पण राहू दे. त्यावर यायचंच आहे.

आणखी एक. या पत्रात मी त्याचं नाव लिहिणार नाही. लिहायला घेतलं की पेन खाली ठेवतो. तुला कळेल मी कोणाबद्दल बोलतो आहे.

शुक्रवारी तुझ्या भावाचा गोंदियाहून फोन आला होता. प्रितम रेल्वेच्या ड्यूटीवर होता, मागे गाडीचा आवाज होता, तरी पोरगा, तुझ्यासारखंच मला मामाजी म्हणत, ओरडून ओरडून बोलला. म्हणाला, "मामाजी, नूतन पोटगीचा अर्ज वापस घेऊन राहिली. म्हणते, त्याचा हातच गेला, तो बिचारा कुठून देईन. तुमी तरी समजावा तिले." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर मी बराच वेळ त्या एका शब्दावर अडकून होतो. बिचारा.

तुला तसं वाटावं यात नवल नाही. मागच्या तारखेला दुर्गच्या कोर्टात तू त्याला बघितलंस. बोटांपासून कोपरापर्यंत पट्टी, गळ्यात झोळी, चेहरा असा की अनोळखी माणसानेही बाकावर जागा करून द्यावी. आठवड्याभरात तू प्रितमच्या ओळखीच्या गार्डाकडून तेलाची बाटली पाठवलीस. कुठलं तेल ते मी वासावरून ओळखलं. रुक्माच्या लकव्याच्या अंगाला तू जे चोळायचीस, तेच.

ते तेल त्याने लावलं नाही. बाटली हातात घेऊन हसला आणि मला दिली. म्हणाला, तुमच्याच गुडघ्यांना लावा. मला वाटलं, दुखण्याने माणूस कडवट होतो, तसा हा झाला असेल. बाटली मी रुक्माच्या फोटोजवळ ठेवून दिली. अजून उघडलेली नाही.

नूतन, मीही तुझ्यासारखाच फसलो होतो, हे आधी सांगतो. आषाढात तो पट्टी बांधून घरी आला. ठेकेदाराकडचं काम त्याने तुमची केस लागायच्या आधीच सोडलं होतं. म्हणाला, कोणाकडे दोन दिवस बदलीवर लेथ चालवायला गेलो, हातात ग्लोव्ह होता, तो काम धरून फिरणाऱ्या चकात ओढला गेला आणि त्याच्यासोबत बोटं गेली. मी आयुष्यभर मशीन शॉपमध्ये टर्नर होतो. लेथवर ग्लोव्ह घालायचा नाही, हे त्याला शाळेत असल्यापासून सांगत आलो. म्हणून मला ते लगेच खरं वाटलं. त्याला माहीत होतं की मला हेच खरं वाटेल. माझीच भीती उचलून त्याने माझ्यापुढे ठेवली.

मग मी त्याची सेवा केली. शर्टाची बटणं लावली. पायजम्याची नाडी बांधून दिली. वरणभात कालवून पुढे ठेवला. पट्टी उघडून बघू म्हटलं तर म्हणायचा, डॉक्टरने मना केलं आहे. रोज सकाळी शेकायला म्हणून सुपेल्याला जायचा आणि संध्याकाळी दमून यायचा. त्याच्या कपड्यांना लेथवर सोडतात त्या कूलंटचा वास यायचा. पण तो वास माझ्याच नाकात इतकी वर्षं मुरलेला, वेगळा कळलाच नाही. असल्या माणसाची नाडी मी माझ्या हाताने बांधत होतो, हे आठवलं की अजून हात धुवावेसे वाटतात.

आता सतरा तारखेचं सांगतो.

विश्वकर्मा पूजेला भिलाईत काय असतं ते तू बघितलेलं आहेसच. प्लांटमध्ये काय नि गल्लीतल्या वर्कशॉपमध्ये काय, त्या दिवशी मशीन चालत नाही. ती धुवायची, पुसायची, आणि ज्याची मशीन त्यानेच तिला धागा बांधायचा. दुसऱ्या कोणाच्या हाताने बांधून घेणारा टर्नर मी तरी बघितला नाही. आणि मशीन नवी असली तर ज्याने काम शिकवलं त्या उस्तादाला बोलवायचं, पहिला नारळ त्याने फोडायचा.

धनंजय तुला आठवत असेल. माझ्या हाताखाली शिकलेला, सुपेल्याच्या मागच्या गल्लीत त्याचं वर्कशॉप आहे, रुक्मा आजारी असताना पपया आणून द्यायचा. तो त्या दिवशी सकाळी स्कूटर घेऊन दारात उभा. म्हणाला, उस्ताद, नवी लेथ आणली, पितरपाटाचा पंधरवडा लागायच्या आधीच आणून ठेवली होती, आज पूजा आहे, चला. मी गुडघे दाखवले. तो ऐकेना. म्हणाला, "तुमच्याबिगर नारळ कसं फोडू? तो नाइ म्हणत होता, बाबाले तरास कावून देता म्हणे. पन मी मनलं, उस्तादाले नाइ बोलावलं त मशीन रुसन." 'तो' कोण, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, असेल कोणी कामावरचा पोरगा.

वर्कशॉपमध्ये शिरलो. माणसं होती, झेंडूच्या माळा होत्या, उदबत्तीचा धूर होता. नव्या लेथपुढे आमचे चिरंजीव मांडी घालून बसले होते. बाह्या वर केलेल्या. पट्टी नाही, झोळी नाही. उजव्या हाताने चकाभोवती लाल धागा गुंडाळत होते, आणि धाग्याची गाठ त्याच बोटांनी आवळून बांधली. मग अंगठ्याने मशीनला कुंकू लावलं. एक बोट वाकडं नाही, कुठे टाका नाही, खरचटल्याची खूणसुद्धा नाही.

त्याने मला बघितलं. मला वाटलं आता हा मान खाली घालेल, काही नाही तर हात तरी मागे घेईल. तो उठला, हसत हसत माझ्या पाया पडला आणि ताटातली बुंदी घेऊन त्याच हाताने माझ्या तोंडात घातली. सगळे बघत होते. कानाशी येऊन म्हणाला, "घरचीच गोष्ट हाये बाबा. मशीनले हात लागते, कोर्टाले पट्टी लागते."

त्याला भीती नव्हती, नूतन. आपला बाप आहे, बोलणार नाही, ही त्याची खात्री होती. मी त्याच्यासोबतचाच आहे असं धरून तो माझ्याशी हसला. एवढी किळस मला आयुष्यात कशाची आली नव्हती. मशीन शॉपमध्ये एकाचा अंगठा माझ्यासमोर तुटला, तेव्हाही नाही.

धनंजयने नारळ माझ्या हातात दिला. मी परत केला. म्हटलं, ज्याचे हात धड आहेत त्याने फोडावा. मला वाटलं, लोकांना काही कळेल, कोणी काही विचारेल. चिरंजीवांनी पुढे होऊन नारळ घेतला आणि एका फटक्यात फोडला. टाळ्या वाजल्या. मी बाहेर आलो आणि गल्लीतल्या नालीत बुंदी थुंकली. धनंजय मागे धावत आला, उस्ताद काय झालं म्हणून. त्याला बाजूला घेऊन विचारलं तेव्हा कळलं की ही लेथ दोघांच्या भागीतली आहे, आणि चिरंजीव आषाढाच्याही आधीपासून तिथे रोज कामाला येतात. धनंजयला वाटत होतं की मला सगळं माहीत आहे. पट्टीचं ऐकून तो पांढरा पडला. त्याने पूजेचे फोटो काढले आहेत. मागितले तर देतो म्हणाला, न मागता देण्याचा धीर त्याच्यात नाही.

दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी मला सांगितलं, वकिलाकडे जायचं आहे, तयार व्हा. मी का गेलो असं तू विचारशील. मला बघायचं होतं, हा अजून किती खाली जातो ते. ऑटोने गेलो, कारण हात गेलेला माणूस मोटरसायकलवर दिसायला नको. दुर्गमध्ये शिरल्यावर त्याने पिशवीतून पट्टी काढली. हलत्या ऑटोत ती काही नीट बसेना. दातात एक टोक धरून गुंडाळत होता, सुटत होती, पुन्हा गुंडाळत होता. मग मला म्हणाला, "बाबा, जरा टोक धरा ना."

पायजम्याची नाडी बांधताना मला माहीत नव्हतं. आता मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याने ते टोक माझ्या हातात दिलं. मी बोटं उघडली. पट्टी खाली पडली, त्याच्या चपलेवर. त्याने उचलली, झटकली, आणि ऑटोवाल्याकडून बांधून घेतली. ऑटोवाला म्हणाला, भैया, जल्दी ठीक हो जाओगे.

वकील बोलायला गोड. मला चहा पाजला. मी कोर्टात एवढंच सांगायचं की पोरगा माझ्या पेन्शनवर जगतो, त्याच्या हाताने काही होत नाही. आणि तुझ्याबद्दल विचारलं तर सांगायचं की शिकलेली आहे, धडधाकट आहे, स्वतःच्या मर्जीने नोकरी सोडली. पुढे म्हणाला, "बहू तो घर में खाली बैठी थी ना, चाचाजी."

खाली बैठी थी. म्हणजे रिकामी बसली होती. मी चिरंजीवांकडे बघितलं. पट्टी मांडीवर ठेवून ते मान हलवत होते.

तू शाळेतल्या लहान पोरांना शिकवायचीस. पॉवर हाऊसच्या त्या शाळेतून संध्याकाळी यायचीस तेव्हा पर्समध्ये खडूचे तुकडे असायचे. रुक्माला लकवा झाला आणि यानेच सांगितलं, नोकरी सोड, आईला बघ. तू सोडलीस. दिवसा आणि रात्री तू तिची कूस बदललीस म्हणून तिच्या पाठीला कधी जखम झाली नाही. प्लांटच्या दवाखान्यातली नर्स मला विचारायची, बाई ठेवली आहे का. तिची शी-शू तू काढलीस, मला नाक धरून बाहेर जावं लागायचं. तिची जीभ अडकायची, तिचं बोलणं मला कळायचं नाही, या तिच्या पोटच्या पोराला तर कधीच कळलं नाही. तुला कळायचं. ती काहीतरी घोगरं बोलायची आणि तू हसायचीस, मग तीही हसायची. मी विचारायचो, काय म्हणाली. तू म्हणायचीस, मामाजी, ते आमचं आहे. ती गेली आणि वर्षश्राद्ध होत नाही तोच याने फारकतीचे कागद तुझ्यापुढे ठेवले. आईसाठी माणूस हवं होतं, आई गेली, माणूस नको झालं. तोंडाने तो असं बोलला नाही, पण केलं ते हेच.

वकिलाला मी एवढंच म्हटलं, "साहेब, ते खाली नोती बसली. माह्या बायकोले जिवंत ठेवून राहिली होती."

वकिलाने चष्मा काढला. म्हणाला, चाचाजी, इन बातों का कोई सबूत नहीं होता. मी म्हटलं, मी बघितलं आहे. तो हसला आणि चिरंजीवांना म्हणाला, पिताजी को घर ले जाइए, गवाही में इनका नाम नहीं देंगे.

तर त्यांनी माझं नाव काढलं आहे. तू तुझ्या वकिलाला सांगून घाल.

त्या दिवसापासून मी त्याच्यासाठी रांधत नाही. तो जवळ बसला की उठून मागच्या अंगणात जातो. त्याने एकदा समजावून बघितलं, एकदा रडून बघितलं, आणि काल म्हणाला, तिकडून गवाही दिली तर म्हातारपणी पाणी कोण पाजणार. मी म्हटलं, तुझ्या त्या हाताने पिण्यापेक्षा नळाला तोंड लावीन. क्वार्टर माझ्या नावावर आहे, मला तो काढू शकत नाही. त्याला मी दिवाळीपर्यंत दुसरी खोली बघायला सांगितलं आहे. कमावतो आहे, भाडं देऊ शकतो.

आता मुख्य गोष्ट. अर्ज परत घेऊ नकोस. ज्या हाताची तुला दया आली तो हात ठणठणीत आहे आणि रोज लेथ चालवतो. भावाच्या घरी तू ताटावर बसतेस तेव्हा तुझी वहिनी सोनल काही बोलत नसेल, भली पोरगी आहे, पण तुझाच घास तुला जड होत असेल, हे मला इथे बसून कळतं. तुला त्याचं काही नको असेल तर मिळाल्यावर नालीत टाक. पण मागणं सोडू नकोस. तू सोडलंस तर त्या वकिलाचं म्हणणं खरं ठरतं की तू या घरात रिकामी बसली होतीस, आणि मग रुक्माची ती सगळी वर्षं कोणी काढली याचं उत्तर कोणाकडेच राहत नाही. ते मला सहन होणार नाही.

तारीख दसऱ्यानंतर आहे. तू प्रितमला घेऊन सकाळच्या गाडीने ये. मी दुर्ग स्टेशनवर पुलाखाली थांबीन. धनंजयलाही आणतो, तो नको म्हणाला तरी आणतो. तेलाची बाटली सोबत आणतो. तुझी तुला परत देईन, असल्या माणसाच्या घरात ती राहू नये.

कोर्टात आधी नाव विचारतात आणि मग विचारतात, तुमचं नातं काय. हे मला प्रितमने सांगितलं. तेव्हापासून मी मागच्या अंगणात उभा राहून ते उत्तर म्हणून बघतो आहे. त्याच्या नावापाशी आलो की थांबतो आणि चूळ भरतो. या सगळ्या पत्रात मी ते टाळलं, तू बघितलंच असशील. पण तिथे सगळ्यांसमोर टाळता येणार नाही, आणि तिथे जीभ अडकली तर तुझं नुकसान होईल. म्हणून आज या कागदावर सही तशीच करतो.

तू मला मामाजी म्हणावं की काही म्हणूच नये, तुझी मर्जी. माझे आशीर्वाद आहेतच.

गौरवचा बाप,
जानराव निखाडे